नाला म्हणावे की नदी?

मुंबईच्या नकाशावर एक निळी रेघ आहे. विहार आणि पवई या दोन तलावांपाशी ती निघते, साकीनाका, कुर्ला, कलिना, वाकोला अशी वळणे घेत धारावीला वळसा घालते आणि माहीमच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. तिची लांबी सुमारे १७.८ किलोमीटर. नकाशा तिला 'मिठी नदी' म्हणतो. तिच्या काठी राहणारी माणसे मात्र पिढ्यान् पिढ्या तिला 'नाला' म्हणत आली. एका प्रवाहाची ही दोन नावे कशी झाली आणि त्यांपैकी खरे कोणते, हे ठरविण्यासाठी माणसाने कोणकोणती साधने शोधली, याचा थोडा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असा आमचा हेतू आहे. हा प्रश्न वरवर पाहता रसायनशास्त्राचा वाटेल. परंतु तो तेवढाच नाही, हे पुढे ध्यानी येईल.

ही खाडी एके काळी दोन साम्राज्यांची सीमा होती. १६६१ च्या विवाहकरारान्वये पोर्तुगालच्या राजकन्येच्या आंदणात मुंबईचे बेट इंग्लंडच्या राजाकडे गेले, आणि माहीम इंग्रजांचे झाले. समोरचे वांद्रे व सारी साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. पुढे १७३७ ते १७३९ या काळातील मोहिमेत मराठ्यांनी साष्टी आणि वसई घेतली, आणि १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांच्या हाती आली. राज्ये बदलली, तरी माहीमहून वांद्र्याला जायचे तर होडीखेरीज गत्यंतर नव्हते. पावसाळ्यात या तरीवर होड्या उलटत आणि माणसे बुडत. अखेरीस लेडी अवाबाई जमशेटजी यांनी सुमारे १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. ज्या प्रवाहावर पूल बांधण्यासाठी एवढी मोठी देणगी द्यावी लागली, त्याला त्या काळी कोणी नाला म्हटले नसणार.

या प्रवाहाच्या दोन्ही अंगांना आपल्या समाजाची जुनी वस्ती आहे. माहीम, वांद्रे, कलिना, कुर्ला या ठिकाणची ख्रिस्ती गावठाणे भातशेती, भाजीपाला आणि मासेमारी यांवर जगली. धारावी आणि माहीमचे कोळीवाडे तर खाडीचीच लेकरे. ईस्ट इंडियन घरांतून लग्नाच्या वेळी वाजतगाजत विहिरीवरून 'उंबराचे पाणी' आणण्याची रीत आजही कोठे कोठे पाळली जाते. पाण्याला घरातील मंगल कार्याचे आमंत्रण देणारा हा समाज होता. पाणी चांगले की वाईट, हे ठरविण्यासाठी त्याला प्रयोगशाळेची गरज नव्हती. जाळ्यात काय येते आणि डाळ शिजते की नाही, या त्याच्या दोन कसोट्या होत्या.

प्रवाहाला पहिली इजा झाली ती घाणीने नव्हे. ती झाली तहानेने. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वाढत्या मुंबईला विहिरी आणि तळी पुरेनाशी झाली. तेव्हा सरकारने साष्टीतील डोंगरांमधील गोपर नावाच्या नदीचे खोरे निवडले. १८५६ मध्ये काम सुरू झाले आणि १८६० मध्ये विहारचा तलाव तयार झाला. त्यानंतर १८७९ मध्ये तुळशी आणि १८९१ च्या सुमारास पवई हे तलाव आले. शहराची तहान भागली, ही मोठीच गोष्ट होती, आणि ते काम करणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु ज्या डोंगराच्या पाण्यावर हा प्रवाह वाहत होता, ते पाणी आता उगमापाशीच अडले. पावसाळ्यात तलाव भरून वाहू लागले म्हणजेच खाली काही येई. उरलेले आठ महिने नदीचे पात्र जवळजवळ स्वतःच्या पाण्यावाचून राहिले.

दुसरी इजा पहिलीच्या पाठोपाठ आली. १८९२ मध्ये तानसा, आणि पुढे विसाव्या शतकात वैतरणा व भातसा येथून शहराला पाणी मिळू लागले. नळाने घरात आलेले पाणी वापरून झाल्यावर कोठे तरी जावेच लागते. उपनगरे वाढली, पण मैला वाहून नेणाऱ्या वाहिन्या त्या वेगाने वाढल्या नाहीत, आणि उताराच्या नियमाने ते सारे पाणी या रिकाम्या पात्रात उतरले. म्हणजे डोंगराचे स्वच्छ पाणी काढून घेतले गेले आणि लांबच्या नद्यांचे पाणी मलिन होऊन तेथे पोहोचले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धारावीत चामडे कमावण्याचे कारखाने होते. ते पुढे बहुतेक हलले. साकीनाका-कुर्ल्याच्या पट्ट्यात भंगाराची गोदामे, तेलाची पिंपे धुणारे, रंगकाम करणारे छोटे कारखाने आणि गुरांचे तबेले उभे राहिले. विमानतळाच्या विस्तारासाठी प्रवाहाला वळणे द्यावी लागली. १९७० च्या दशकानंतर वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खाडीकाठची दलदल आणि तिवरांची जमीन भरून काढण्यात आली. पात्र अरुंद झाले, आणि त्याचे नाव 'नाला' असे पक्के झाले.

आता मोजमापाकडे वळू. नदीचे पाणी बिघडले आहे हे नाकाला व डोळ्याला कळते. परंतु नाक आणि डोळे यांची साक्ष सरकार-दरबारी टिकत नाही. ती टिकावी, म्हणून विज्ञानाने गेल्या पावणेदोनशे वर्षांत साधने घडविली. त्यांची सुरुवात लंडनच्या थेम्स नदीवर झाली, असे म्हणण्यास हरकत नाही. १८५५ च्या जुलैमध्ये मायकेल फॅरडे हा थोर शास्त्रज्ञ आगबोटीतून थेम्समधून चालला असता पाण्याची स्थिती पाहून व्यथित झाला. त्याने पांढऱ्या पुठ्ठ्याचे तुकडे करून ओले केले आणि धक्क्याधक्क्यापाशी पाण्यात सोडले. भर उन्हात ते तुकडे इंचभर खोल जाण्याआधीच दिसेनासे होत. त्याने 'द टाइम्स' या वृत्तपत्राला पत्र लिहून ही गोष्ट जाहीर केली. राज्यकर्ते हलले ते मात्र तीन वर्षांनी. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी पार्लमेंटच्या दालनांत शिरली, तेव्हा जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याच्या गटारयोजनेला पैसा मिळाला.

फॅरडेची युक्ती आणखी नेमकी केली ती एका धर्मगुरूने, हे आपल्या वाचकांना ऐकून समाधान वाटेल. येशूसंघीय फादर अँजेलो सेक्की (१८१८-१८७८) हे रोममधील वेधशाळेचे प्रमुख होते. ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करून त्यांची वर्गवारी लावणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते. १८६५ च्या एप्रिलमध्ये पोपमहोदयांच्या आरमारातील एका जहाजावरून त्यांनी भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीने सोडली आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते, हे मोजले. आज त्या साधनाला 'सेक्की तबकडी' म्हणतात. साधारण वीस सेंटिमीटर व्यासाची, आळीपाळीने काळे व पांढरे भाग रंगविलेली तबकडी आणि खुणा केलेली दोरी, एवढेच तिचे भांडवल. जगभरातील तलावांवर ती अजूनही वापरली जाते. आकाशातील तारे पाहणाऱ्या माणसाला पायाखालच्या पाण्याचीही फिकीर असावी, ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते.

परंतु पाणी स्वच्छ दिसले म्हणजे ते निर्मळ असतेच असे नाही. १८८५ मध्ये थिओडोर एशरिश या वैद्याने बालकांच्या विष्ठेतील एक जीवाणू ओळखला. त्याच्या कुळातील जीवाणू पाण्यात सापडले, तर त्यात मैला मिसळला आहे असे समजण्याची रीत पुढे पडली. १८८८ मध्ये हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची कृती शोधली. मासे याच प्राणवायूवर श्वास घेतात. या कृतीच्या पायावर इंग्लंडमध्ये एक कसोटी उभी राहिली. १८९८ मध्ये नेमलेल्या राजकीय आयोगाने विचारलेला प्रश्न असा : पाण्यातील घाण कुजवून संपविण्यासाठी जीवाणूंना किती प्राणवायू लागेल? पाण्याचा नमुना बाटलीत बंद करून पाच दिवस ठेवायचा आणि त्यातील किती प्राणवायू संपला, हे पाहायचे. इंग्लंडमधील नद्यांचे पाणी पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळते, म्हणून ही मुदत ठरली, असे सांगितले जाते. आपल्या उष्ण देशात हीच परीक्षा २७ अंश तापमानात तीन दिवसांत करतात. या मापाला शास्त्रज्ञ 'बी. ओ. डी.' म्हणतात. आकडा जितका मोठा, तितकी नदीवरील घाणीची उधारी मोठी.

याच आयोगाने १९१२ च्या आपल्या आठव्या अहवालात सुचविले, की नदीत सोडावयाच्या सांडपाण्याची बी. ओ. डी. लिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी आणि त्यात तरंगणारे घन कण ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावेत. तथापि त्याला एक अट होती : नदीत त्या सांडपाण्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी वाहत असले पाहिजे. ही अट मिठीच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत मिठीला स्वतःचे पाणी जवळजवळ नाहीच. ते विहारला अडले आहे. मग आठपट कशाच्या? जे आत सोडले जाते, तेच तिचे पाणी होते.

महाराष्ट्राने या बाबतीत देशाच्या आधी पाऊल टाकले होते. जलप्रदूषण रोखण्याचा कायदा आपल्या राज्याने १९६९ मध्ये केला आणि १९७० मध्ये मंडळ नेमले; केंद्राचा कायदा १९७४ चा. आंघोळीस योग्य अशा नदीसाठी आपल्याकडील मानक सांगते, की बी. ओ. डी. लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा. शुद्ध करून नदीत सोडावयाच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा ३० ची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यांतील ५३ पट्टे महाराष्ट्रातील होते. पवई ते धारावी हा मिठीचा पट्टा सर्वांत वाईट वर्गात होता आणि त्याची नोंदविलेली बी. ओ. डी. होती २५०.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. शहरातील गटारात वाहणारे, कसलीही प्रक्रिया न केलेले सांडपाणी तपासले, तर आकडा साधारण याच घरातला येतो. आपल्या हवामानात स्वच्छ पाण्याच्या एका लिटरमध्ये प्राणवायू फार तर आठ मिलिग्रॅम विरघळतो. म्हणजे मिठीच्या अशा एका लिटरची घाण पचविण्यासाठी तीसहून अधिक लिटर स्वच्छ पाण्यातील सारा प्राणवायू खर्ची पडावा लागेल. नदी म्हणून तिच्यात काही उरले नव्हते, असेच तो आकडा सांगतो. लोकांनी तिला नाला म्हटले, ते अडाणीपणाने म्हटले नव्हते.

अर्थात एका आकड्यावर निकाल देणे सोपे असले, तरी बरोबर नाही. मिठीसारख्या प्रवाहाचे पाणी तपासणे हे कौशल्याचे काम आहे. तिच्या खालच्या भागात दिवसातून दोनदा भरती येते. भरतीच्या वेळी माहीमपाशी घेतलेल्या नमुन्यात समुद्राचे पाणी असते आणि आकडा सुधारलेला दिसतो. ओहोटीला त्याच जागी निराळीच गोष्ट कळते. पहाटेचे आणि दुपारचे पाणी सारखे नसते. जुलैचे आणि मे महिन्याचे तर नसतेच. म्हणून जागा ठरलेल्या हव्यात, वेळ व भरती-ओहोटी यांची नोंद हवी, आणि तीच परीक्षा वर्षानुवर्षे त्याच जागी व्हायला हवी. एखाद्या रुग्णाचा ज्वर एकदा पाहून वैद्य निघून जात नाही. तसेच हे आहे. केवळ रसायनांवरही विसंबता येत नाही. १९०० नंतरच्या दशकात जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की कोणते जीव कोणत्या पाण्यात राहतात यावरूनही पाण्याचे आरोग्य कळते. जेथे गाळात केवळ बारीक तांबडे किडेच वळवळतात, तेथे प्राणवायू संपलेला असतो. आपले कोळीबांधव हे शास्त्र जाळ्यावरून वाचीत आले आहेत. खाडीत कोणता मासा कधी मिळेनासा झाला, याची त्यांची आठवण हाही एक अहवालच आहे; तो कोणी लिहून घेतला नाही, एवढेच.

येथे आम्हांला सेमिनरीतील एक पाठ आठवतो. स्नानसंस्कार वैध होण्यासाठी 'खरे पाणी' हवे, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. मग खरे पाणी कोणते? नदीचे, समुद्राचे, पावसाचे, विहिरीचे, दवाचे पाणीसुद्धा चालते. दूध, द्राक्षारस चालत नाही. पातळ सार, फिका चहा यांसारख्या द्रवांविषयी शंका आहे. पाण्यात दुसरे काही मिसळले असेल, तर काय करावे? त्याला जुन्या धर्मपंडितांचे उत्तर असे, की सर्वसामान्य माणसे त्याला अजून पाणी म्हणतात का, ते पाहावे. तरुण वयात हा सारा शब्दच्छल वाटे. आज मिठीच्या काठी उभे राहिले, की त्यातील गांभीर्य कळते. रसायनशास्त्र सांगते, की गटारातील सांडपाणीसुद्धा वजनाने ९९.९ टक्के पाणीच असते. उरलेल्या त्या हजारातील एका भागाने त्याचे नाव बदलते. लोकांनी मिठीला पाणी म्हणणे थांबविले, तेव्हा त्यांनी तिच्यावर निकाल दिला होता. पण त्या निकालाचा दुसरा अर्थ असा, की आता तिच्यात काहीही टाकण्यास कोणाचे मन कचरणार नव्हते. नाल्यात कचरा टाकणे हे पाप वाटत नाही. नदीत टाकणे वाटते.

२६ जुलै २००५ रोजी या नावाचा निकाल पुन्हा उघडला गेला. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला पडला तो ७३ मिलिमीटर. भरतीची वेळ होती, पात्र अरुंद झालेले होते आणि गाळाने भरलेले होते. कुर्ला, कलिना, वाकोला पाण्याखाली गेले आणि शेकडो माणसे दगावली. त्यानंतर सगळ्या वृत्तपत्रांतून 'मिठी नदी' हे शब्द छापून येऊ लागले. अनेक मुंबईकरांना आपल्या शहरात नदी आहे, हे त्या दिवशी प्रथमच कळले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली, नदीसाठी प्राधिकरण स्थापन झाले, तज्ज्ञ संस्थांनी अभ्यास केले. पात्र रुंद झाले, दोन्ही काठांना भिंती आल्या, दरवर्षी गाळ उपसण्याची कंत्राटे निघू लागली.

परंतु पूर येऊ नये म्हणून नदी रुंद करणे निराळे, आणि ती निर्मळ करणे निराळे. २००५ नंतर तेरा वर्षांनी तो २५० चा आकडा नोंदला गेला, हे विसरता येत नाही. पुढे २०२५ मध्ये तर गाळउपशाच्या कामांत खोटी कागदपत्रे सादर केल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदविला. त्याचा न्याय न्यायालय करील. आपण एवढेच म्हणू, की नदीचे मोजमाप हा विश्वासाचा व्यवहार आहे. खोटे माप देणाऱ्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो, असे पवित्र शास्त्रातील नीतिसूत्रे सांगतात. गाळाचे वजनही तराजूवरच होते.

थेम्सचा इतिहास आणखी एक धडा देतो. १८५५ मध्ये फॅरडेचे पत्र छापून आले, तरी १९५७ मध्ये लंडनजवळची थेम्स जीवसृष्टीच्या दृष्टीने मृत ठरविली गेली होती. त्यानंतर सांडपाण्याच्या केंद्रांवर चिकाटीने काम झाले, आणि १९७४ मध्ये, सुमारे एकशे चाळीस वर्षांच्या खंडानंतर, तिच्यात सामन मासा पुन्हा मिळाला. माप समजणे आणि मन वळणे यांत शंभर वर्षे जाऊ शकतात; मात्र मन वळल्यावर नदी परत येण्यास तेवढी लागत नाहीत. आपल्याकडेही धारावीजवळ मिठीच्या काठी जेथे शहराचा कचरा टाकला जाई, तेथे १९९४ मध्ये महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुले झाले. त्या कचऱ्याच्या ढिगावर आज झाडी आणि पाखरे आहेत.

नदीच्या शुद्धीची भाषा सुरू झाली, की पहिले बोट काठावरच्या झोपडीकडे जाते. यात सत्याचा एक अंश आहे, परंतु एकच. ज्या वस्तीला शौचकूप नाही, कचरागाडी येत नाही, तिची घाण नदीत जाते, हे खरे. पण उंच इमारतींची आणि कार्यालयांची सांडपाण्याची जोडणी कोठे होते, हे विचारणारे थोडे. झोपडी दिसते, आणि जमिनीखालची वाहिनी दिसत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात वसुंधरेचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकण्यास सांगितले आहे. मिठीच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. पाण्याचे नमुने वस्तीपाशी घ्यायचे असतील, तर प्रत्येक मोठ्या वाहिनीच्या तोंडाशीही घ्यावेत, आणि आकडे सर्वांना वाचता येतील असे लावावेत. मग कोणाला हलवायचे आणि कोणाकडून जाब घ्यायचा, याचा निवाडा अंदाजाने होणार नाही.

आमच्या धर्मग्रामांतील शाळा आणि तरुण मंडळे यात काही करू शकतात. सेक्कीची तबकडी कोणत्याही कार्यशाळेत तयार होते. तापमापक, आम्लता पाहण्याचे कागद आणि प्राणवायू मोजण्याचे साधे संच शाळेच्या प्रयोगशाळेला परवडतात. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या पुलावरून, भरती-ओहोटीची वेळ लिहून केलेली नोंद दहा वर्षे चालली, तर तो दस्तऐवज होतो. हातमोजे घालावेत, गुरुजन बरोबर असावेत आणि पाण्यात उतरू नये, हे सांगणे नलगे. मुलांनी ती वही 'मिठी नदी' या नावाने सुरू करावी. जिच्यासाठी आपण दर महिन्याला वही उघडतो, तिला सहसा नाला म्हणवत नाही.

यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ४७ व्या अध्यायात एका प्रवाहाचे दर्शन आहे. मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी निघते, आणि हाती मापनसूत्र घेतलेला एक पुरुष हजार हजार हात अंतर मोजून चार ठिकाणी पाण्याची खोली पाहतो. घोट्याइतके, गुडघ्याइतके, कंबरेइतके, आणि मग पोहूनच पार करावे लागेल इतके. ते पाणी जेथे जाते, तेथे जीव जगतात. काठाला कोळी जाळी वाळत घालतात. दलदलीच्या जागा मात्र मिठासाठी तशाच राखल्या जातात. त्या संदेष्ट्याने नदीचा महिमा गाण्याआधी तिचे माप घेतलेले पाहिले, आणि तेही एकदा नव्हे, चार जागी. माहीमच्या कोळीवाड्यात आजही जाळी वाळत असतात. त्या जाळ्यांत खाडीचाच मासा यावा, एवढे माप आपल्या पिढीपुढे ठेवलेले आहे.